शेवटचे चार मीटर

मंडळी, आजचा विषय ऐकून हसू येईल. तरी विचारतो. तुमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर तुमच्या फ्लॅटचा नंबर असलेली जी टपालपेटी आहे, ती तुम्ही शेवटची कधी उघडलीत? तिची किल्ली कुठे आहे? मुळात तिला कुलूप आहे का?

हाच प्रश्न मी गेल्या आठवड्यात ऑफिसच्या बसमध्ये टाकला. पनवेलहून ऐरोलीला जाताना वेळच वेळ असतो, त्यामुळे चर्चा रंगली. एक म्हणाला, पेटी आहे पण दार नाही. दुसरा म्हणाला, दार आहे पण ते बंद होत नाही. तिसऱ्यानं "आपल्याकडे आहे का रे तशी पेटी?" असं त्याच्याच सोसायटीतल्या मित्राला विचारलं. चौथा सगळ्यात हुशार. "आजकाल पत्रं येतात कोणाला? सगळं मेलवर येतं," म्हणाला आणि कानात हेडफोन घालून झोपला.

या चौथ्यासाठी हा लेख. (तो वाचणार नाही हे माहीत आहे.) :-)

माझं म्हणणं थोडक्यात असं. घराच्या दाराला आपण सेफ्टी डोअर लावतो, वर लॅच, वर कडी, आणि आता दारातला कॅमेरासुद्धा. पण सरकार, कोर्ट, बँक आणि कंपन्या ज्या जागी आपल्याला कायदेशीरपणे गाठतात, ती जागा मात्र जिन्याखाली गंजत पडलेली एक पत्र्याची डबी असते. ती मजबूत करणं हे फार मोठं काम नाही. ती कोणाची जबाबदारी आहे हे ठरवणं, हे खरं काम आहे. आणि ते आपण करत नाही.

पेट्यांचा पनवेली नमुना

पनवेलमध्ये साधारण तीन प्रकार दिसतात. जुन्या गावात बऱ्याच घरांना पेटीच नाही. पोस्टमन हाक मारतो, कोणी आलं तर हातात देतो, नाही तर पत्र दाराच्या फटीतून आत सरकवतो. न्यू पनवेल, खांदा कॉलनी या बाजूला सिडकोच्या आणि नंतरच्या चार-पाच मजली इमारती. तिथे जिन्याखाली राखाडी पत्र्याच्या पेट्यांची रांग, त्यातल्या निम्म्यांची दारं एका बिजागरीवर लोंबकळत. त्याच्या खाली स्कूटर आणि वर मीटर बॉक्स. आणि तिसरा प्रकार करंजाडेकडच्या नव्या टॉवरमधला. लॉबीत इटालियन मार्बल, त्यावर चकचकीत पेट्या. पण कुलूप असं, की हेअरपिन घातली तर उघडतं, आणि कधी कधी शेजारच्यांच्या किल्लीनंही उघडतं.

यात बिल्डरला दोष देणं सोपं आहे. इमारतीच्या तळमजल्यावर योग्य मापाची टपालपेटी द्यावी, अशी तरतूद राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. पण "योग्य माप" म्हणजे किती, पत्रा केवढा जाड, कुलूप कसलं, हे कोण बघतं? बिल्डर सगळ्यात स्वस्त पेटी लावतो, पझेशन घेताना आपण टाइल्स ठोकून बघतो, नळ सोडून बघतो, पेटी उघडून बघत नाही. पुढची वीस वर्षं ती तशीच.

वेलणकरांपासून डिजिपिनपर्यंत

आता जरा टपालाच्या बाजूनं बघू. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिपीतले पत्ते, वाचता न येणारं अक्षर, या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला. पनवेलचा ४१०२०६. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. आपल्या भाषेत सांगायचं तर राउटिंग टेबल. इंटरनेट घरात यायच्या कितीतरी आधी केलेलं आणि आजही चालणारं. असं डिझाइन आपल्याला एकदा तरी जमलं तर करिअरचं सार्थक झालं म्हणायचं.

त्यानंतर २०२५ च्या मे महिन्यात टपाल खात्यानं डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्याबरोबर तयार केलेला दहा अक्षर-अंकांचा कोड. सगळ्या देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला एक पत्ता दिला. पिनकोड आहे तसाच राहतो, हा त्याच्या जोडीला. म्हणजे पत्र कुठल्या पोस्टात जायचं इथपासून कुठल्या चार मीटरच्या चौकोनात जायचं इथपर्यंत आपण पोचलो. छानच आहे.

पण इंजिनिअरच्या नजरेनं बघा. डिजिपिन अक्षांश-रेखांशावर चालतो. त्याला मजला कळत नाही. म्हणजे एकावर एक असलेले सात फ्लॅट, सगळ्यांचा डिजिपिन तोच. आणि तळमजल्यावरची ती पेट्यांची रांग? अख्खी रांग एका चौकोनात मावते. त्या चौकोनाच्या आत जोशी कोण, म्हात्रे कोण आणि शेख कोण, हे उपग्रहाला सांगता येत नाही. ते सांगते पेटीवरची पट्टी. ती पट्टी पुसलेली असेल आणि पेटीचं दार तुटलेलं असेल, तर वेलणकरांची सगळी अक्कल आणि इस्रोचे सगळे उपग्रह मिळून तुमचं पत्र स्कूटरच्या सीटवर आणून ठेवतात. शेवटचे चार मीटर सरकारचे नाहीत. ते आपले आहेत.

पण पत्रं येतात कोणाला?

आता त्या हेडफोनवाल्या मित्राचा मुद्दा. खुशालीची पत्रं बंद झाली हे खरंच. लग्नपत्रिकासुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. पण जे उरलंय ते बघा. आधारचं पत्र साध्या टपालानं येतं. विमा कंपनीची नोटीस, बँकेचं एखादं "आपले खाते निष्क्रिय होत आहे" छापाचं पत्र, महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल, यातलं बरंच काही कागदावरच येतं. खुशाली मेलवर गेली आणि महत्त्वाचं तेवढं पेटीत राहिलं, असा हा उलटा प्रकार आहे.

सहीनं मिळणारं टपाल थेट हातात मिळतं, मग पेटीचा काय संबंध, असं कोणी विचारेल. २०२५ साली देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट हे स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पण नाव बदललं तरी पद्धत तीच. आपण दोघंही दिवसभर ऑफिसात, घराला कुलूप. पोस्टमन येतो, बेल वाजवतो, आणि "टपाल आलं होतं, पोस्टात येऊन घेऊन जा" अशी चिठ्ठी ठेवून जातो. कुठे ठेवणार? त्याच डबीत. ती चिठ्ठी वाऱ्यानं उडाली, की आठवडाभरात तुमचं टपाल पाठवणाऱ्याकडे परत. आणि तुम्हाला पत्ताच नाही की काही आलं होतं.

यात कायद्याची गंमत बघा. १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट आहे. त्याचं २७ वं कलम सांगतं की योग्य पत्ता घालून, पूर्ण तिकीट लावून पत्र रजिस्टर्ड टपालानं पाठवलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचलं असंच धरायचं. चेक न वटल्याच्या प्रकरणात नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात. आणि २००७ साली सी. सी. अलावी हाजी या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशी नोटीस बरोबर पत्त्यावर पाठवली असेल, तर ती मिळाली असं गृहीत धरता येतं. मिळालीच नाही म्हणणाऱ्यासाठी एक वाट ठेवली. कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरा. पण तोपर्यंत तुम्ही आरोपी झालेले असता ना!

थोडक्यात, कायदा धरून चालतो की तुमच्या पत्त्यावर आलेलं तुमच्यापर्यंत पोचतं. पेटी मोडकी आहे हे कायद्याला माहीत नसतं.

आमच्याच विंगमधलं उदाहरण. तिसऱ्या मजल्यावर एक रिटायर्ड काका राहतात. त्यांच्याकडे ऐंशीच्या दशकात घेतलेले एका कंपनीचे कागदी शेअर. डिव्हिडंड बरीच वर्षं जमा होत नव्हता, कारण बँकेचं खातं बदललं आणि कंपनीला कळवायचं राहून गेलं. आता नियम असा आहे की सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातात. त्याआधी तीन महिने कंपनीनं शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर कळवायचं. कंपनीनं कळवलं. पत्र आलं जूनमध्ये. काकांच्या पेटीचं दार त्याआधीच्या दिवाळीत कोणीतरी सुतळी बॉम्ब ठेवून उडवलं होतं, ते तसंच. गणपतीच्या आधी साफसफाई करताना वॉचमनला पेट्यांच्या मागे कागदाचा लगदा मिळाला, त्यात त्या पाकिटाचा अर्धा तुकडा.

शेअर बुडाले नाहीत, अर्ज करून परत मागता येतात. पण त्यासाठी फॉर्म, शपथपत्रं, सह्या जुळवणं, कंपनीकडे खेटे. पंचाहत्तरीच्या माणसानं. काका एवढंच म्हणाले, "अरे, एक दोनशे रुपयांचं दार लावलं असतं तर..." त्यावर बोलायला काही नव्हतं. ते दार लावायचं कोणी, हाच तर प्रश्न होता. काकांना वाटत होतं सोसायटी लावेल, सोसायटीला वाटत होतं काका लावतील.

अमेरिकेतली पेटी

ऑनसाइट गेलेल्या मंडळींना अमेरिकेतली रस्त्याकडेची पेटी आठवत असेल. खांबावर बसवलेली, बोगद्यासारखी अर्धगोल, बाजूला लाल झेंडा. न्यू जर्सीत सहा महिने होतो तेव्हा मला ती फक्त सिनेमातली वस्तू वाटायची. मग तिच्याबद्दल वाचलं.

तिथे खेड्यापाड्यांत घरपोच टपाल १८९६ साली सुरू झालं. तेव्हा शेतकरी चरबीचे डबे, सिगारचे खोके, जे हाताला लागेल ते खांबाला टांगायचे. म्हणजे आपल्यासारखंच! मग टपाल खात्यानं मापं ठरवली, आणि १९१५ साली रॉय जोरोलमन नावाच्या टपाल खात्यातल्याच इंजिनिअरनं ती बोगद्याच्या आकाराची पेटी काढली. वरून गोल, म्हणून पाणी आणि बर्फ साचत नाही. ते डिझाइन शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

तिथले नियम वाचण्यासारखे आहेत. पेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच. पेटीचं दार रस्त्याच्या कडेपासून ६ ते ८ इंच आत. पण मला सगळ्यात आवडला तो खांबाचा नियम. खांब चार बाय चार इंची लाकडाचा किंवा दोन इंची पाइपचा, आणि जमिनीत २४ इंचांपेक्षा जास्त खोल पुरायचा नाही. का? तर गाडी आदळली तर खांब वाकला किंवा मोडला पाहिजे, माणूस मरता कामा नये. काँक्रीटनं भरलेले डबे, जाड लोखंडी खांब असले प्रकार टाळा, असं स्पष्ट सांगतात.

हे सांगायची वेळ आली, कारण तिथे पोरांचा एक वाह्यात खेळ आहे. चालत्या गाडीतून बेसबॉलच्या बॅटनं लोकांच्या पेट्या फोडायच्या. १९८६ च्या 'स्टँड बाय मी' सिनेमात तो दाखवलाय. वैतागलेले लोक मग पेटीत काँक्रीट ओतून ठेवतात, म्हणजे बॅट मारणाऱ्याचाच हात मोडावा. राग समजण्यासारखा आहे. पण पावसात घसरलेल्या गाडीतला माणूस बॅट घेऊन आलेला नसतो, आणि आपटतो मात्र तोच. मजबूत म्हणजे अढळ नव्हे, हा धडा मला फार मोलाचा वाटला.

आणखी एक फरक. तिथे पेटी घरमालक विकत घेतो, पण तिला संरक्षण केंद्र सरकारच्या कायद्याचं. मुद्दाम फोडली तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तिकीट न लावलेली जाहिरात तिच्यात टाकणंही बेकायदा. आपल्याकडे १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात पोस्टाच्या लाल पेटीची नासधूस करणाऱ्याला शिक्षा होती. त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्यानं घेतली, तो १८ जून २०२४ ला लागू झाला आणि त्यात असले जुने गुन्हे बहुतेक ठेवलेलेच नाहीत. जिन्याखालची पेटी तर तेव्हाही टपाल खात्याची नव्हती, आजही नाही. ती आपली खासगी मालमत्ता. तेव्हा रखवाली आपणच करायची.

मग पेटी कशी हवी?

आमच्या सोसायटीत काकांच्या प्रकरणानंतर हा विषय एजीएममध्ये आला आणि "तू इंजिनिअर ना, तूच बघ" म्हणून माझ्या गळ्यात पडला. (कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, पण ते कोण ऐकतंय.) फॅब्रिकेटरकडे चार चकरा मारून जे समजलं ते लिहितो.

१. पत्रा. बाजारातल्या स्वस्त पेट्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याच्या असतात, बोटानं दाबल्या तरी वाकतात. १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर मागा आणि त्यावर पावडर कोटिंग. स्टील हवं असेल तर ३०४ ग्रेड. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि "बघा, चिकटत नाही, अस्सल आहे" म्हणतो. त्यात अर्थ नाही, कारण स्वस्तातलं २०२ पण चुंबकाला चिकटत नाही. खाडीच्या दमट हवेत ते लवकर डागाळतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

२. फट. ए-४ आकाराचं पाकीट न दुमडता आत गेलं पाहिजे. फट २५ सेंटीमीटर रुंद, ३ सेंटीमीटर उंच, आणि आत ३५ सेंटीमीटर जागा. पाकीट अर्धं बाहेर राहिलं की ते कोणीही ओढतं किंवा पाऊस भिजवतो. फटीच्या आतल्या बाजूला तिरकी वाकवलेली पट्टी, म्हणजे हात घालून पत्र काढता येत नाही.

३. पाऊस. कोकणातला पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. स्टिल्टखाली आहे म्हणून पेटी कोरडी राहील हा भ्रम आहे. फटीवर झाकण, वर दोन इंचांचा छज्जा, तळाला दोन बारीक भोकं.

४. कुलूप. ड्रॉवरला असतं तसलं कुलूप चालेल, पण प्रत्येक पेटीची किल्ली वेगळी आहे ना, हे लावण्याआधी एकेक करून तपासा. आम्ही तपासलं, तर २८ पैकी ५ पेट्या दुसऱ्याच्या किल्लीनं उघडल्या! फॅब्रिकेटरनं हसत हसत बदलून दिली.

५. भिंत. नव्या इमारतींत बाहेरून प्लास्टर आणि आत हलके ब्लॉक असतात. त्यात साधा फास्टनर घट्ट आवळला की ब्लॉकचा भुगा होतो, आणि पेटी पत्रांसकट खाली. अशा ठिकाणी जमिनीवर लोखंडी फ्रेम उभी करून त्यावर पेट्या बसवणं बरं. सगळ्यात खालची पेटी जमिनीपासून अडीच फूट वर, म्हणजे स्कूटरचं हँडल आणि पावसाचं पाणी दोन्ही लागत नाही. सगळ्यात वरची पाच फुटांच्या आत, म्हणजे आजींचाही हात पोचतो.

६. जागा. उजेडात, गेटवरच्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात, आणि पोस्टमनला अ‍ॅपवर परवानगी न मागता पोचता येईल अशी. पिझ्झावाल्याला गेटवर आपण एका क्लिकमध्ये आत घेतो, आणि पोस्टमन मात्र उन्हात उभा. हे बरं दिसत नाही.

बंगला किंवा रो हाउस असेल तर रस्त्यावर वेगळा खांब नकोच. कंपाउंडच्या भिंतीत पेटी बसवा. तोंड रस्त्याकडे, पोट आवारात. पत्र बाहेरून पडतं, दार आतून उघडतं. गाडीचा धक्का लागत नाही, कुत्रा पोस्टमनला चावत नाही. उंची ठरवताना एक लक्षात ठेवा, आपल्याकडे रस्ता दर वेळी नवीन थर घेऊन वर येतो. आज साडेतीन फुटांवर लावलेली पेटी दहा वर्षांनी तीन फुटांवर येते. थोडी वरच लावा.

लावून झाल्यावर

खर्च किती? आमच्याकडे घरटी दोन मोठ्या पिझ्झांइतका आला. तरी त्यावर मीटिंगमध्ये पाऊण तास वाद झाला. "परत फोडतीलच की पोरं," हा सगळ्यात जोरदार आक्षेप. आक्षेप खोटा नाही. पण पेट्या फोडतं कोण, याची आम्ही यादी केली. दिवाळीत फटाके ठेवणारी मुलं, हे खरं. त्याखेरीज रिव्हर्स घेताना ठोकणारे दुचाकीवाले. फटीत कोचिंग क्लासच्या जाहिरातींचा गठ्ठा कोंबणारा माणूस. आणि किल्ली हरवली म्हणून स्क्रूड्रायव्हरनं स्वतःचीच पेटी उचकटणारे सभासद! शेवटच्या गटात सगळ्यात जास्त नावं निघाली, तेव्हा मीटिंग जरा शांत झाली.

मग ठरलं ते असं. जाहिरातींसाठी शेजारी एक उघडा ट्रे. पेट्यांसमोर दुचाकी लावायची नाही, पिवळा पट्टा मारला. पेटीचं दार मोडलं तर आठ दिवसांत सोसायटी दुरुस्त करणार, पैसे नंतर ज्याचे त्याच्याकडून वसूल. एक दार लोंबकळत राहिलं की पुढच्या सीझनपर्यंत पाच लोंबकळतात, हा आमचा जुना अनुभव. आणि दिवाळीआधी मुलांना बोलावून त्यांच्याकडूनच पेट्यांवर नावांच्या पट्ट्या लिहून घेतल्या, मराठीत आणि इंग्रजीत. स्वतःच्या अक्षरातल्या पट्टीखाली बॉम्ब ठेवायला पोरं कचरतात. गेल्या दिवाळीत एकही पेटी उडाली नाही.

सगळ्यात अवघड भाग भाडेकरूंचा, म्हणजे आपल्यासारख्यांचाच. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, मग दुसरं घर. आधारवर पत्ता कामोठ्याचा, बँकेत खारघरचा, राहायला पनवेलला. घर सोडताना पोस्टात अर्ज देऊन पत्रं नव्या पत्त्यावर वळवता येतात, पण ते करतं कोण? आमच्या एका पेटीत तीन जुन्या भाडेकरूंची पत्रं निघाली. ती फाडून न टाकता "इथे राहत नाहीत" लिहून पोस्टमन काकांच्या हातात परत द्यायची, एवढं तरी आपण नक्की करू शकतो. त्यात कोणाचं काय असेल, आपल्याला काय माहीत?

आपल्या धंद्यात ज्या मॉड्यूलला कोणी ओनर नाही, ते मॉड्यूल सगळ्यात आधी सडतं, हे आपण सगळे जाणतो. लिफ्टला एएमसी आहे, पंपाला आहे, जनरेटरला आहे. पेट्यांना कोणी नाही. कमिटीत एका माणसाच्या नावावर त्या लिहा, वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीनंतर, बघायला सांगा. एवढी सोपी गोष्ट आहे. ती होत नाही, कारण त्यात पत्र हरवतं ते नेहमी दुसऱ्याचं. आपलं हरवलेलं आपल्याला कळतच नाही.

असो. फार लांबलं. उद्या रविवार आहे, दूध आणायला खाली उतराल तेव्हा पेटी उघडून बघा. आत जाहिरातीच असतील बहुतेक. पण त्या जाहिरातींच्या मध्ये एखादं पाकीट असलं, तर ते आधी वाचा, आणि दार लागत नसेल तर सोमवारची वाट न बघता सेक्रेटरींना फोन करा.